वाळलं नव्हतं ते झाड

ही गोष्ट मी बायकोलाही पुरती सांगितली नाही, वर्षानुवर्षं टाळत आलो. पण गेल्या आठवड्यात सुपरमार्केटात पिकल्या प्लमचा वास आला, आणि आता लिहूनच टाकतो. आखातात, ऊद मेथाला आम्ही राहायचो त्या जुन्या व्हिलाचं अंगण आमचं आणि शेजारच्या हिमाचली मास्तरांचं सामाईक होतं. तिथे त्यांनी, आपल्या वडिलांनी गावच्या बागेत बांधलेलं प्लमचं कलम आणून लावलं होतं. इथली थंडी त्याला पुरत नाही म्हणून हिवाळ्यात रोज सकाळी मुळाशी बर्फ ओतायचे. डिसेंबरात गावी निघताना म्हणाले, "भाईसाब, अब ये सोएगा. बस थोड़ा पानी देना." मी मुंबईचा, झाड झोपतं म्हणजे सगळी पानं टाकतं, हे मला कुठलं ठाऊक? जानेवारीत नुसती काठी उरली. आमच्याकडे सत्यनारायण होता. बायको म्हणाली, "अहो, पूजेला दारात वाळकं झाड? की तुमचे बनियन वाळत घालू त्यावर?" मी ते उपटलं. टाकायला म्हणून फांदी मोडली, तर आत हिरवीगार, ओली. तरीही मास्तर परतल्यावर मी म्हणालो, "सूख गया था." खड्ड्याकडे बघत ते म्हणाले, "आपका क्या क़सूर? मैं ही इसे यहाँ मरने लाया." सुपरमार्केटात तो वास आला, त्याच संध्याकाळी मी त्यांना गावी फोन केला. ऐंशीचे झालेत. म्हणाले, बाग कधीच विकली, आणि बाबूजींच्या हातचं शेवटचं झाड आपणच वाळवंटात घालवलं. मी म्हणालो, "मास्तरजी, वो पेड़..." "हाँ, बोलिए," ते म्हणाले. मग मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली.