यूपीएसवर कूलर आणि ढिगात धान

परवा तुमसरच्या एका राईस मिलमध्ये माझा जीव अक्षरशः कंठाशी आला. तिथल्या वजनकाट्याचे कॉम्प्युटर मी सांभाळते. प्रिंटर बिघडला म्हणून गेले होते, बाहेर उन्हाळी धानाच्या ट्रॅक्टरांची ही रांग...

तेवढ्यात लाईट गेली आणि यूपीएस असूनही सर्व्हर धाडकन बंद! बघते तर काय, मालक विनूभाऊंनी यूपीएसवर कूलर लावलेला, एवढा भार त्याला कुठला पेलवणार! "अवो ताई, गर्मी किती होऊन राहिली," म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

प्रिंटरअभावी सकाळपासून कोणालाच वजनाची पावती मिळाली नव्हती. आणि वजन झालेलं धान एकाच ढिगात ओतलेलं... कोणाचं किती, ते फक्त सर्व्हरला ठाऊक.

इंदूकाकू दारात आल्या. त्यांचं हंगामाचं सगळं धान त्याच ढिगात होतं. "माया धानाचं वजन गेलं का व, पोरी?"

लाईट आल्यावर सर्व्हर सुरू केला. स्क्रीनवर 'रिकव्हरी' एवढंच, पुढे काही हलेना. विनूभाऊ बटणाकडे धावले, "बंद करून चालू करू ना!" मी त्यांचा हातच धरला.

डेटाबेस, म्हणजे सर्व्हरमधली वजनांची वही, प्रत्येक बदल आधी लॉग फाईलमध्ये लिहितो, मूळ जागी सावकाश नेऊन ठेवतो. मध्येच बंद पडला तर उठल्यावर लॉग वाचून पूर्ण झालेली कामं पुन्हा करतो, अर्धवट राहिलेली पुसतो. हे शिकले होते, पण वेळ आल्यावर विश्वास बसत नव्हता...

आणि यादी उघडली! सगळी वजनं जागच्या जागी, इंदूकाकूंचंही. फक्त लाईट जाताना काट्यावर असलेल्या ट्रॉलीची नोंद नव्हती, पण ती ट्रॉली अजून काट्यावरच उभी होती.

"सापडलं ना, मंग झालं," म्हणत काकू निघाल्या. मी खुशीत विनूभाऊंना ती लॉग फाईल दाखवली... आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बापा बापा! हे तं मी सकाळीच डिलीट करून राहिलो होतो. डिस्क भरली म्हणून. वापरात हाय म्हणे, होऊनच नाही राहिली!"

सर्व्हर चालू होता म्हणून त्याने ती फाईल सोडली नव्हती, नाहीतर काकूंना काय सांगितलं असतं मी?

आधी लिहायचं आणि मग करायचं, हा नियम ज्याने घातला त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. विनूभाऊंना मात्र कोपरापासून नमस्कार!