चिठ्ठीताईची बारा वाजायची घाई

आमच्या ऑफिसात एक बाई आहे, तिला सगळे चिठ्ठीताई म्हणतात. तिच्या पायाला नुसती भिंगरी. मी फरशी पुसत असले की हटकून ओल्यावरूनच जाणार, आणि वर "सॉरी हं मावशी" म्हणत परत त्याच वाटेनं येणार. पेनांची टोपणं चावून चावून चपटी केलीत बाईनं.

काम काय, तर यंत्रासाठी चिठ्ठ्या लिहायच्या. दवाखान्यांच्या नोंदी ठेवायचे प्रोग्रॅम इथे बनतात, आणि ते लिहायला आता म्हणे एक एजंट आणलाय. मला वाटलं, खोल्या भाड्यानं लावून देणारा! पण तोही प्रोग्रॅमच. त्याच्या हाताशी बरीच अवजारं असतात. कुठलं अवजार काय करतं, कधी घ्यायचं, कधी हात लावायचा नाही, ते चिठ्ठीत असतं. तो तेवढंच वाचतो आणि अवजार उचलतो.

चिठ्ठी झाली की ताई मला गाठते. वाचून दाखवते आणि विचारते, "मावशी, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर तुम्हाला विचारते. इथल्या बाकीच्यांना सगळं आधीच माहीत असतं."

त्या दिवशी बारा वाजता अवजारं एजंटच्या ताब्यात द्यायची होती. पावणेबाराला ताई शेवटची चिठ्ठी घेऊन माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. "ऐका. हे अवजार चाचणीसाठी भरलेल्या खोट्या नोंदी पुसतं. दवाखान्याचं नाव द्यावं."

मी बादली खाली ठेवली. "आणि नाव दिलंच नाही तर?"

ताई तरातरा प्रोग्रॅमरकडे गेली, मागोमाग मी. तो हसला. "मग सगळंच पुसतं. खऱ्या पेशंटच्या नोंदीसुद्धा. पण नाव न देता चालवेल कोण? सगळ्यांना माहितीये."

"एजंटला नाहीये!" ताई ओरडली आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. दार उघडंच राहिलं.

"आता थांबवायचं? लोक खोळंबलेत," साहेब म्हणाले. "एवढी अक्कल असेल की त्याला. नसली, तर चूक त्याची."

"त्याची कशी? आपण सांगितलंच नाही, तर चूक माझी."

अगं बाई! आधीच्या ऑफिसात मी अकरा वर्षं होते. एकदा तिथले साहेब जाता जाता म्हणाले, "टेबलावरचं सगळं उचलून टाका." टाकलं मी. त्यात कुठल्याशा इमारतीचे नकाशे होते, एकुलते एक. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मला म्हणाले, "एवढं कळत नाही?" आणि घरी पाठवलं. सांगणाऱ्याची चूक होती, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. अजून आठवलं की माझा जीव जळतो.

साहेबांनी कुरकुरत तासभर दिला. प्रोग्रॅमर आठ्या घालून अवजार दुरुस्त करायला बसला. ताई मात्र उभ्यानंच लिहीत होती: नाव नसेल तर खऱ्या नोंदीही जातात, म्हणून नावाशिवाय चालवू नये.

"एवढ्यानं भागेल?" तिनं मला विचारलं.

"पण नाव नसलं तर त्यानं करायचं काय? नुसतं बसून राहायचं?" मी म्हटलं. "शंका आली तर विचारलेलं चालेल, असं लिहा की."

तिनं ते लिहिलं.

एक वाजता सगळे एका पडद्यापुढे जमले. ताईनं मुद्दाम अर्धवटच हुकूम दिला: चाचणीच्या नोंदी साफ कर. नाव दिलंच नाही. ताई माझा दंड धरून उभी होती, नखं रुतत होती.

पडद्यावर ओळ उमटली. प्रोग्रॅमरनं मोठ्यानं वाचली, "कोणत्या दवाखान्याच्या?"

ताई मटकन खुर्चीत बसली. सकाळपासून पहिल्यांदाच. साहेब म्हणाले, "हुशार आहे हो!" आणि जेवायला गेले.

मी फडकं पिळत तिथेच उभी राहिले. मीही विचारलं असतं त्या दिवशी, नकाशे हातात होते माझ्या. पण विचारलेलं चालतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.