गोगलगाय बसवलेली गाडी

आमच्या शेजाऱ्यांइतका गाडीवर जीव टाकणारा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये, अशी माझी मनापासूनची प्रार्थना आहे. एकच होता, तेवढ्यानं माझ्या नोकरीवर गदा यायची वेळ आली होती. मी मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात टाइम ऑफिसचा कारकून. कोण किती मिनिटं उशिरा आला ते बघून त्याच्या नावापुढे लाल खूण करायची, हे माझं काम. शेजारी त्याच कारखान्यात फिटर. भिसेगावात आमच्या भिंतीला भिंत, त्यामुळे ते मला रोज आपल्या गाडीतून न्यायचे. आठला दोन मिनिटं कमी असताना गाडी फाटकासमोर उभी राहायची आणि मी आठ वाजून एक मिनिटानं आत शिरायचो. मधली तीन मिनिटं आम्ही दोघं काचा लावून, इंजिन चालू ठेवून, गप्प बसून काढायचो. ‘‘धापा टाकत आलेल्या माणसाला लगेच झोप म्हणता काय तुमी?’’ शेजारी विचारायचे. ‘‘दम खाऊ द्या तिला, भाऊसाहेब.’’ दार उघडायचीही सोय नव्हती. घामाघूम गाडीला वारा लागला म्हणजे? कामगार खिडकीत वाकून बघत, हसत पुढे जात, आणि मग मी आत जाऊन स्वतःच्याच नावापुढे लाल खूण करत असे.

ही तीन मिनिटं त्यांनी कुणालाही माफ केली नाहीत. वाटेवरच्या चौक गावी एका लग्नाला आम्ही गेलो, तर मुलीचा बाप हार घेऊन गाडीपाशी धावत आला. शेजाऱ्यांनी आतूनच त्याला तीन बोटं दाखवली. बिचाऱ्याला वाटलं, मानाचे पाहुणे तीन आहेत. तो पळत जाऊन आणखी दोन हार घेऊन आला. गाडीत आम्ही दोघंच. तिसरा हार शेवटी शेजाऱ्यांनी बॉनेटवर घातला, आणि इंजिन तापलेलं असल्यामुळे फुलं करपतील म्हणून दोन मिनिटांनी काढूनही घेतला.

आता एवढं कौतुक करावं अशी ती गाडी होती का? तर नव्हती. मुंबईच्या कुणा डॉक्टरनं वापरून वापरून टाकलेली, चार माणसं पाय पोटाशी घेऊन बसतील एवढी ती गाडी. पण शेजाऱ्यांचं बालपण कर्जत स्टेशनाच्या कुंपणावर गेलेलं. घाट चढायच्या आधी आगगाडीला मागून जादा इंजिनं लागतात, हे बघत ते वाढले. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं, की एवढ्या मोठ्या आगगाडीला मागून ढकलणारं कुणी लागतं, तर आपल्या छोट्या गाडीला का नको? आणि खरोखरच कुठल्याशा भंगारातून त्यांनी एक लोखंडी वस्तू पैदा केली. याला टर्बो म्हणतात हे मला फार पुढे कळलं. ‘‘गाडीचा धूर फुकट जातो ना? त्या धुरानं ही चक्की फिरवायची, आणि चक्कीनं इंजिनात हवा कोंबायची. माणसाला जरा जास्त वारा मिळाला की तो कसा पळतो, तसं,’’ असा खुलासा ते करत. ती चक्की दिसायला थेट गोगलगायीसारखी, म्हणून अख्खा भिसेगाव तिला गोगलगायच म्हणू लागला. गोगलगाय अन् पोटात पाय! घाटाला लागलं की आधी बारीक शिट्टी ऐकू यायची, मग कुणीतरी पाठीत रट्टा घालावा तशी गाडी पुढे उसळायची आणि मी पुटपुटत सगळ्या देवांची नावं घ्यायचो.

चौकच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीचं मत अगदी स्पष्ट होतं. ‘‘पळंल, पण टिकणार नाय. एवढ्याशा इंजिनाला एवढं खायला घातलं तर त्याचं पोट फुटंल.’’ शेजाऱ्यांना हे वाक्य फार झोंबलं होतं. गाडी पळते हे सिद्ध करायला एक घाट पुरतो. ती टिकते हे सिद्ध करायला आयुष्य लागतं, आणि ते त्यांनी खुशाल लावलं. दार आपटायचं नाही, पाळण्यातल्या पोराला थोपटल्यासारखं लावायचं. गाडीत बसण्याआधी वजन सांगायचं. माझे सासरे आले होते तेव्हा त्यांना त्यांनी, ‘‘खोटं नका सांगू, स्प्रिंगला कळतं,’’ असं तोंडावर सुनावलं. ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळून, वास घेऊन, ते डोळे मिटून कितीतरी वेळ बसत. ती सवय इतकी अंगात भिनली, की आमच्या घरी भजी खाताना त्यांनी भज्याचं तेल बोटांत चोळलं आणि आमच्या सौभाग्यवतींना गंभीरपणे सांगितलं, ‘‘वैनी, ह्ये बदलायला झालंय.’’ त्यानंतर चार महिने आमच्याकडे भजी झाली नाहीत. मिस्त्रीनं एकदा बंपरला लिंबू-मिरची बांधून दिली, तर यांनी ती तिथल्या तिथे सोडली. ‘‘लिंबू सरबतात, मिरची ठेच्यात. नटबोल्ट आवळलेला असला की कुणाची नजर लागत नाय.’’

आणि खरं बोलणं तर विचारूच नका! गाडीबद्दल कुणी वाईट बोललेलं त्यांना खपत नसे हे ठीक, पण जास्त चांगलं बोललेलंही खपत नसे. मी एकदा कँटीनमध्ये कौतुकानं म्हटलं, ‘‘आमच्या शेजाऱ्यांची गाडी सत्तरनं जाते.’’ तर हा माणूस पलीकडच्या टेबलावरून हातातला चहा ठेवून उठून आला. ‘‘सत्तर नाय, अडुसष्ट. गाडीच्या नावावर खोटं बोलू नका, भाऊसाहेब.’’ माझी बाजू घेणारा मीच खोटा ठरलो.

असा सगळा सरंजाम, आणि ज्या बाईनं त्या गाडीत मानानं बसावं ती बाई मात्र एसटीनं जायची. होय, वहिनी, म्हणजे शेजाऱ्यांची बायको, त्या गाडीत पाय ठेवत नसत. खोपोलीच्या बाजाराला वहिनी एसटीत, आणि मागोमाग शेजारी गाडीत. एसटी थांबली की गाडी थांबे. एसटीच्या मागच्या काचेतून वहिनी बघत, खाली गाडीतून शेजारी बघत. कंडक्टर म्हणायचे, ‘‘ताई, तुमचा सरकारी बंदोबस्त आला बघा.’’ सामान मात्र गाडीतून यायचं. बटाटे बसत, कांदे बसत, वहिनी बसत नसत.

त्याला कारण होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं. वहिनींची बहीण लवकर गेली. तिची मुलगी वहिनींनीच वाढवली, तिला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं. तिचं लग्न लोणावळ्याला होतं. गोगलगाय बसवून तेव्हा आठच दिवस झाले होते. वहिनी म्हणत होत्या आगगाडीनं जाऊ, शेजारी म्हणाले, छे, आपल्या गाडीतून ऐटीत जाऊ. मधल्या घाटात ऑइलचा पाइप तुटला आणि गाडी धुरात बुडाली. वहिनी नव्या साडीत रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिल्या, मांडीवर लग्नात उधळायच्या फुलांच्या पाकळ्यांची पिशवी घेऊन. ट्रकमधून कशाबशा पोचल्या तेव्हा बुद्धवंदना झाली होती, हार घालून झाले होते, पाकळ्या उधळून झाल्या होत्या आणि पंगत बसली होती. पोरीनं पहिलं काय विचारलं असेल, तर ‘‘मावशी, तू कुठं होतीस?’’

वहिनी बोलल्या त्या दुसऱ्या दिवशी, आणि त्या वेळी मी तिथेच होतो. ‘‘आगगाडीला मागनं इंजिन लागतं, ती हळू चढते, तिला लाज नाय. तुमालाच कसली घाई होती? आता ऐका. पाच वर्सं ही रस्त्यात एकदाही न थांबता चालवून दाखवा. मग मी बसंन. मधी थांबली तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.’’ दुसऱ्या नवऱ्यानं हसून सोडून दिलं असतं. यांनी कॅलेंडरवर खूण केली.

तर ती तीन मिनिटं, तो ऑइलचा वास, ती वजनांची चौकशी, हे सगळं त्या एका बाईला पुन्हा शेजारी बसवण्यासाठी चाललेलं होतं. लोक वेडा म्हणत. मीही म्हणत असे, पण जरा हळू.

पहिल्या खेपेला तीन वर्षं सुखरूप गेली. मग एके दिवशी कारखान्यातून परतताना चौकच्या अलीकडे पाण्याची रबरी नळी फुटली. एक रुपयाची वस्तू हो! गोगलगायीचा काही संबंध नाही. दहा मिनिटांत नळी बदलून आम्ही निघालोसुद्धा. रस्त्यावर एक गुराखी आणि त्याच्या दोन म्हशी सोडल्या तर साक्षीला कुणी नव्हतं. मी म्हटलं, ‘‘दादा, ही काय गाडी थांबणं झालं? घरी बोलू नका.’’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला म्हशींपुढे लाज वाटली. घरी पोचल्यावर आधी तीन मिनिटं गाडीला दम खाऊ दिला, मग दारात उभं राहून ते म्हणाले, ‘‘आज थांबली गं.’’ वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, नवऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, ‘‘बरं. हात-पाय धुवा.’’ मला वाटतं, तेव्हाच त्यांच्या मनात सूट द्यायचं आलं होतं. पण यांनी सूट मागितली नाही. कॅलेंडरवर पुन्हा पहिली खूण झाली.

आणि मग खरंच, पाच वर्षं! ऊन, पाऊस, चौकच्या रस्त्यावरचे ते खड्डे, माझे सासरे, सगळं झेलून गाडी एकदाही थांबली नाही. चौकच्या मिस्त्रीनं येऊन इंजिनाला कान लावला आणि, ‘‘हरलो बाबा,’’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी लोणावळ्याला, त्या लेकीकडे जायचं ठरलं. वहिनी पुढे, आम्ही नवरा-बायको मागे. वहिनींनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ‘‘भावजी, लोणावळ्याहून संध्याकाळची पॅसेंजर कितीला हाय ते विचारून ठेवा. त्यांना सांगू नका.’’ मीही विचारून ठेवलं. प्रेम वेगळं आणि पॅसेंजर वेगळी.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो, तर वर्तमानपत्रावर गोगलगाय काढून ठेवलेली. लख्ख पुसलेली. मी विचारलं, ‘‘बिघडली?’’

‘‘नाय. ठणठणीत हाय.’’

‘‘मग काढलीत कशाला? अहो, आठ वर्षं जगाला सांगताय, टिकते, टिकते! उद्या तर दाखवायचा दिवस.’’

शेजारी फडक्यानं हात पुसत राहिले. ‘‘टिकते, भाऊसाहेब. उद्या एकटा असतो तर शिट्टी वाजवत गेलो असतो. पण उद्या ती बसणार हाय. त्या दिवशी घाटात ती दगडावर बसून रडत होती, आणि मी इंजिनात डोकं घालून होतो. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाय रं मी.’’

‘‘म्हणजे तुमचाच भरवसा नाही?’’

‘‘भरवसा हाय,’’ ते म्हणाले. ‘‘भीती पण हाय.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. खोपोली मागे पडली, घाट लागला, आणि ज्या गाडीनं आठ वर्षं भल्याभल्यांना मागे टाकलं ती गाडी कण्हत कण्हत चढू लागली. कोंबड्यांचा टेंपो पुढे गेला. ऊसवाला ट्रक पुढे गेला. ट्रकच्या क्लीनरनं आमच्याकडे बघून हात हलवला, आणि शेजारी समोर बघत राहिले. वहिनी हातातली पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. अवघड वळण गेलं, खंडाळा दिसायला लागला, तशा त्या एकदम हसल्या. किती वर्षांनी अशा हसल्या असतील कुणास ठाऊक!

‘‘अवं, एवढीच होय हिची ताकद? मी येडी, उगाच भ्याले इतकी वर्सं! आणि ती शिट्टी कुठं गेली?’’

मला वाटलं, आता स्फोट होणार. सौभाग्यवतींनी मला चिमटा काढून ठेवला होता, न जाणो मीच काही बोललो तर.

‘‘शिट्टी आत नाय ऐकू येत,’’ शेजारी म्हणाले. ‘‘आणि एवढीच चालते गं ही. पहिल्यापासून.’’

गाडीच्या नावावर त्या माणसानं आयुष्यात ही दोनच खोटी वाक्यं उच्चारली असतील, आणि तीही एका दमात. वहिनींनी पिशवी मागे माझ्या बायकोकडे दिली, ‘‘धरा हो जरा,’’ म्हणाल्या, आणि काच खाली करून दरी बघत बसल्या.

लेकीकडे जेवणं झाली, गप्पा झाल्या. ऊन कलल्यावर मी वहिनींजवळ जाऊन हळूच म्हटलं, ‘‘पॅसेंजरची वेळ झाली.’’ ‘‘जाऊ द्या तिला,’’ त्या म्हणाल्या, लेकीच्या गालावरून हात फिरवला, आणि आम्ही कुणी उठायच्या आत अंगणात जाऊन गाडीत पुढे बसल्यासुद्धा. पदर सावरला, आरशात बघून कुंकू नीट केलं, आणि बसून राहिल्या.

शेजारी किल्ली हातात घेऊन पायरीवर उभे होते. मी म्हटलं, ‘‘चला दादा, उजेड आहे तोवर घाट उतरू.’’

ते जागचे हलले नाहीत. डोळे भरले होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नव्हतं. ‘‘थांबा रं भाऊसाहेब जरा,’’ ते म्हणाले. ‘‘आठ वर्सं हिच्या बसण्याची वाट बघितली. थोडं बघू द्या.’’

मग मीही त्यांच्या शेजारी उभा राहिलो.