सतरा नंबरचा तागा

गोधडीवाल्या काकूंच्या तोंडी लागायचं नाही, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काकू कापड घ्यायला निघाल्या की दुकानदार आधी घोटभर पाणी पिऊन घ्यायचा. बाई अख्खा तागा उलगडायला लावणार, उजेडाकडे धरणार, दोन बोटांत कापड चुरगाळून यात सूत किती नि खळ किती ते सुनावणार. एवढं करून घरी नेलेल्या कापडात, भिजवल्यावर, कुठे एक गाठ जरी निघाली तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत बाई पायरीवर हजर. "हे घ्या तुमचं रत्न. मला कापड द्या."

एकच कापड त्या डोळे झाकून घेत. सतरा नंबरचं. पलीकडच्या कापड कारखान्याचा माल याच एका दुकानातून विकला जायचा, आणि तिथे तयार झालेला प्रत्येक तागा आधी तपासनिसाच्या टेबलावरून जायचा. काचेचं उतरतं टेबल, खालून दिवे, वरून कापड सरकत येतंय, आणि समोर स्टुलावर माणूस. कुठे धागा तुटलेला, कुठे गाठ, कुठे तेलाचा डाग दिसला की त्याने यंत्र थांबवायचं आणि तेवढ्या जागी काठाला लाल दोरा बांधायचा. दोरा असला की दुकानदार तेवढं कापड जास्त मोजून देणार. तागा संपला की शेवटी तपासनिसाचा नंबर उमटवायचा. सतरा हा नंबर काकूंच्या नवऱ्याचा. एकतीस वर्षं तोच स्टूल, तोच शिक्का.

"वहिनी, कापड बघताय की नवरा?" दुकानदार दर वेळी विचारायचा.

"नवरा घरी फुकट बघायला मिळतो. तुम्ही कापड काढा," काकू म्हणायच्या. पण गालातल्या गालात हसायच्या, खोटं कशाला सांगा.

तपासनिसांना गल्लीतही सगळे तपासनीसच म्हणत. माणूस अबोल, पण कामाचा विषय निघाला की खुलायचा. नव्या माणसांना ते शिकवायचे, "मान हलवायची नाही. कापडाच्या मागे डोळे पळवले की तासाभरात डोकं धरतं. नजर मधोमध ठेवा, कडेचं आपोआप दिसतं." कारखान्यात हे वाक्य त्यांच्या नावानं चालायचं. आजवर त्यांच्या नंबरचा एकही तागा बाजारातून परत आला नव्हता. तीन परत आले की माणूस टेबलावरून खाली, असा तिथला कायदा. रंगखात्यातल्या एका जुन्या माणसाचा हात थरथरायला लागला तेव्हा त्याला फाटकावर बसवला होता. त्या दिवशी तपासनीस घरी येऊन जेवले नाहीत. "तीस वर्षं रंग केला आणि आता येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकतोय. त्यापेक्षा मेलेलं बरं," म्हणाले. काकूंच्या मनात ते घर करून राहिलं.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. काकूंनी दुहेरी गोधडीच्या पाठीला म्हणून सतराचा फिका निळा तागा आणला. भिजवला, वाळवला, खिडकीजवळच्या टेबलावर पसरला आणि कात्री उचलली, तर काठापासून चार बोटांवर आडवा धागाच गायब. बोटभर लांबीची फट. काकूंनी काठ चाचपला. लाल दोरा नाही. हातभर पुढे गाठ. पुढे तेलाचा डाग, मग दुसऱ्या काठाला चक्क भोक, करंगळी जाईल एवढं. दहा मीटरमध्ये सात. मधला पट्टा मात्र धुतल्या तांदळासारखा स्वच्छ.

काकूंची तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या दुकानदारानं भलताच तागा माथी मारला! कापड काखोटीला मारून त्या तशाच गेल्या आणि दुकानात गिऱ्हाईक असताना त्याची ती शोभा केली की गिऱ्हाईक निघून गेलं. दुकानदाराने फक्त कापडाचं टोक पुढे केलं. शिक्का सतराच होता.

"तिसरा आहे, वहिनी," तो हळूच म्हणाला. "आधीचे दोन दुसऱ्या गिऱ्हाइकांनी आणून टाकले. आत ठेवलेत. कारखान्याला कळवलं नाही अजून. तुम्हालाही सांगणार नव्हतो. पण सोमवारी त्यांचा माणूस परतीचा माल न्यायला येतो."

तीन. बरोब्बर तीन. फाटकावर बसून सलाम ठोकणारा आपला नवरा काकूंना लख्ख दिसला, आणि अंगातलं सगळं भांडण कुठल्या कुठे गेलं.

"तिन्ही मला द्या," त्या म्हणाल्या.

"अहो, त्या खराब मालाचं करणार काय?"

"माझ्या घरातलं मी बघेन. तुम्ही तोंड बंद ठेवा म्हणजे झालं."

संध्याकाळी त्यांनी कापड पलंगावर पसरून ठेवलं आणि तपासनीस आल्यावर, जणू काहीच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, जरा बघता का, कसंय?"

तपासनीस पायथ्याशी उभे राहिले. एकदा नजर टाकली. तपासणीचं भिंग नेहमी खिशात असायचं, ते काढलंही नाही. "चांगलंय की. कोणाचंय?"

"तुमचंच."

"मग विचारतेस काय?" म्हणून ते हात धुवायला गेले आणि जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेतला. "हे दार कोणी अरुंद केलं गं?" म्हणाले. एरवी काकू हसल्या असत्या.

डोळे अधू झाले असतील, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. पण ते बारीक अक्षरातलं वर्तमानपत्र चष्म्याशिवाय घडाघडा वाचायचे. काकूंच्या सगळ्यात बारीक सुयांत रोज संध्याकाळी दोरा ओवून द्यायचे, तोही पहिल्या फटक्यात. अशा माणसाला डोळे दाखवून या कसं म्हणायचं? तरी एकदा म्हणून पाहिलंच. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" ते कडाडले. काकूंनी विषय सोडला. नाही, डोळे ठणठणीत आहेत. मग एकच राहतं. माणसाचं कामात लक्ष उरलं नाही. स्टुलावर डुलकी लागत असेल. दमला बिचारा. एकतीस वर्षं एका जागी बसून धागे मोजणं म्हणजे काय चेष्टा आहे? दोन वर्षं कशीतरी रेटली की सुटला. ती दोन वर्षं आपण सांभाळू.

आणि त्या बाईनं खरोखर सांभाळली हो! महिन्या-दीड महिन्यानं दुकानातून निरोप यायचा, "वहिनी, तुमचं आलंय." काकू रिकामी पिशवी घेऊन जायच्या आणि भरलेली घेऊन यायच्या. गिऱ्हाईक परत आणून टाकेल तो तागा त्यांचा, आणि कोणी विकत घ्यायच्या आत हाती लागला तर तोही त्यांचा. दुकानदार कुरकुरायचा. "वहिनी, मी बोलणार नाही कुठे. पण हे बरं नाही. दुखणं झाकून बरं होत नसतं."

"तुम्हाला वैद्यकी कोणी विचारली?" काकू फटकारायच्या.

घरी नवरा कामावर गेला की त्या दोष शोधायला बसत. लहानसहान गाठ शिवणीत दडपत, डाग आतल्या घडीत घालत. भोकं मात्र लपेनात. त्यावर त्यांनी युक्ती काढली. हिरव्या चिंधीचं पान कापायचं, भोकावर ठेवायचं, बारीक टाक्यांनी शिवायचं. भोकं सगळी कडेलाच, म्हणून पानंही कडेलाच. एक पान एकटं दिसायला नको म्हणून शेजारी आणखी चार. बघता बघता गोधडीला चहूबाजूंनी पानांची वेल लागली.

लोकांना वेड लागलं त्या गोधड्यांचं! "काकू, काय सुचतं हो तुम्हाला!" बायका म्हणायच्या. एक तर मुलीच्या लग्नासाठी चार सांगून गेली. एवढं कौतुक काकूंच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं, आणि एवढी लाजही त्यांना कधी वाटली नव्हती. सगळे दोष कडेलाच का, मध्ये एकही कसा नाही, हे पान शिवताना त्यांच्या मनात येऊन गेलं. यंत्रच तसं बिघडलं असेल म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. कापड कळणारी बाई ती, पण माणसाच्या बाबतीत चुकली.

घरात चिन्हं दिसत नव्हती का? दिसत होती, पण दिसून उपयोग काय? कोपराशी ठेवलेला पाण्याचा पेला तपासनीस हटकून उलटवायचे. ताटात डावीकडे वाढलेलं तसंच राहायचं आणि वर, "आज चटणी नाही वाटतं?" काकू वैतागायच्या. "समोर आहे की! लक्ष कुठे असतं तुमचं?" ते ओशाळं हसायचे. "वय झालं गं." रस्त्यानं चालताना शेजारून जाणाऱ्या माणसाला धक्का लागायचा आणि तो माणूस वळून शिव्या द्यायचा. मग त्यांनी फिरायला जाणंच सोडलं. काकूंना वाटलं, आळशी झाले.

असे अकरा तागे झाले. सव्वा वर्ष गेलं. एका सकाळी कामावर जाताना बाजूनं आलेली मोटारसायकल तपासनिसांना दिसलीच नाही. हाड मोडलं नाही, नुसतं खरचटलं, पण मुलगी पलीकडच्या भागात राहायची ती धावत आली आणि हट्टाला पेटली. "बाबा, एवढी मोठी गाडी, तुम्हाला दिसली नाही? चला डोळ्यांच्या डॉक्टरकडे." नवऱ्यानं बायकोचं ऐकलं नव्हतं, बापानं लेकीचं ऐकलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी तासभर तपासलं, कागदावर दोन गोल काढले आणि त्यांच्या कडा पेनानं काळ्या करत नेल्या. डावा गोल जवळजवळ सगळा काळा झाला. उजव्यात मध्ये वाटाण्याएवढं पांढरं राहिलं.

"काचबिंदू आहे. यात आधी कडेची नजर जाते," त्या म्हणाल्या. "मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, वाचता येतं, म्हणून माणसाला स्वतःलाही पत्ता लागत नाही. गेली ती नजर परत येत नाही. थेंब देते, राहिलंय ते टिकवायचा प्रयत्न करू. पण फार उशीर झाला हो. वर्षभर आधी आला असतात तर पुष्कळ वाचवता आलं असतं."

मुलगी रडायला लागली. तपासनीस तिला थोपटत राहिले. काकू कागदावरच्या त्या गोलाकडे बघत होत्या. काळी कड आणि मध्ये पांढरं. घरी आल्यावरही तो कागद त्यांनी खाली ठेवला नाही. लोकांना वाटलं धक्का बसलाय. बसलाच होता, पण कसला ते त्यांनाच ठाऊक.

नोकरी तर गेलीच. पंधरा दिवसांनी कारखान्याचे सुपरवायझर कागदांवर सह्या घ्यायला घरी आले. भला माणूस. चहा घेतला, जुन्या आठवणी काढल्या. तपासनीस भिंतीला टेकून ताठ बसले होते. आता पाहुण्याचा चेहरा शोधायला त्यांना मान इकडेतिकडे फिरवावी लागत होती, ती सवय अजून व्हायची होती.

"काही म्हणा साहेब," ते म्हणाले, "बत्तीस वर्षांत सतराचा एक तागा परत आला नाही. आला का? सांगा."

"एकही नाही. रेकॉर्ड आहे तुमचं," सुपरवायझर म्हणाले, आणि मग कप खाली ठेवत हळहळले. "त्याचंच तर वाईट वाटतं. अहो, पहिला तागा परत आला की आम्ही माणसाला आधी डोळे तपासायला पाठवतो. टेबलावरून उतरवायची गोष्ट फार नंतरची. गेल्याच वर्षी आम्ही एकाला तसं वेळेत पकडलं, आज कामावर आहे तो. तुमच्या बाबतीत कधी वेळच आली नाही."

काकूंच्या हातातला ट्रे कलला. बशी पडली, फुटली. "राहू दे, वहिनी, राहू दे," म्हणत पाहुणे उठले.

ते गेल्यावर काकूंनी तुकडे वेचले, फरशी पुसली, आणि मग नवऱ्याच्या डाव्या बाजूला जमिनीवरच बसल्या. सांगितल्याशिवाय त्यांना आता गिळवणार नव्हतं. पहिल्या निळ्या ताग्यापासून सगळं सांगितलं. दुकानदार, पिशव्या, पानं, सगळं. "मला वाटलं तुमचं लक्ष लागत नाही. मला वाटलं तुम्हाला फाटकावर बसवतील. तुमचं नाव जाईल. देवाशपथ, मला एवढंच वाटलं हो."

तपासनीस ऐकत राहिले.

"किती?" ते शेवटी म्हणाले.

"अकरा."

"दोष कुठे होते?"

"कडेला. सगळे कडेलाच."

त्यांनी मान हलवली. काम समजून घेताना हलवत तशीच. ते चिडले असते, ओरडले असते, तर काकूंनी भांडून घेतलं असतं, रडून घेतलं असतं. पण त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. त्यांनी हात पुढे केला. काकू डावीकडे बसल्या होत्या, हात उजवीकडे गेला. मग त्यांनी मान वळवून काकूंना शोधलं.

"अगं," ते म्हणाले, "त्यातला एक तरी परत करायचा होतास."