ताईनं माफ केलं नव्हतं

रझियाभाभींचा फोन आला तेव्हा मी पुसदच्या घरी पोळ्या लाटत होते. "शालू, तुम्ही निघा. ताईंची तब्येत बरी नाही." भाभी म्हणजे उमरखेडला ताईच्या शेजारी राहणाऱ्या. त्यांचा आवाज एरवी गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. त्या दिवशी त्या इतक्या हळू बोलल्या की मी गॅस बंद केला आणि तशीच निघाले. पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि फाटकात ताईची जुनी पांढरी गाडी उभी होती, अर्धी आत, अर्धी रस्त्यावर. गाडी बाहेर काढतानाच ताईचं हृदय थांबलं होतं. गाडी बराच वेळ नुसतीच घुरघुरत राहिली म्हणून भाभी पाहायला आल्या, आणि किल्ली त्यांनीच फिरवून बंद केली. निर्मलाताई माझी थोरली बहीण. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, निवृत्त होऊन फार काळ झाला नव्हता.

शाळेनं शोकसभा घेतली. मुख्याध्यापिका बोलल्या, जुन्या विद्यार्थिनी बोलल्या, आणि कुणी बोलावलं नसताना दिगंबरराव उठले. दिगंबरराव म्हणजे ताईचे पूर्वीचे नवरे, ढाणकीत बी-बियाण्याचं मोठं दुकान आहे त्यांचं. पांढरा सदरा, हात जोडलेले. म्हणाले, "निर्मलाबाईंचं मन फार मोठं होतं. आमचं पटलं नाही, पण त्यांनी आम्हाला माफ केलं होतं. माझी आई अत्यवस्थ असताना त्यांनीच आपल्या गाडीत घालून तिला पुसदला नेलं." सभागृहात निम्म्या बायकांनी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत बसले होते. उठून बोलावं असं वाटलं, पण समोर हार घातलेला फोटो होता आणि मुली रडत होत्या... तेव्हा गप्प बसले, ते आता लिहिते आहे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ताईनं यांना माफ केलं होतं हे म्हणणं चांगलं बोलणं नव्हे, ती मेल्यावर तिच्याकडून काढून घेतलेली गोष्ट आहे.

ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. ढाणकीच्या त्या घरात तिचे सासरे तेवढे तिच्या बाजूचे होते. त्यांनी हौसेनं एक गाडी घेतली होती आणि सुनेला चालवायला शिकवलं होतं, हे त्या वेळी गावात नवल होतं. सासरे गेले आणि गाडी अंगणात कडुलिंबाखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. मूल होत नाही म्हणून ताईला ऐकून घ्यावं लागायचंच, पण त्यावरून तिला घराबाहेर काढणं दिगंबररावांना जमलं नसतं, लोक काय म्हणतील म्हणून. मग एके दिवशी सासूच्या सोन्याच्या बांगड्या गेल्या. सासूनं सांगितलं, सुनेनं माहेरी पोचत्या केल्या. आमचे बाबा साधे पोस्टमन. लोकांची पत्रं, मनिऑर्डरी ज्यांनी इमानानं पोचवल्या, त्यांच्या घराची झडती घ्यायला जावयानं माणसं पाठवली. बाबांनी स्वतः कपाटं उघडून दाखवली. त्यानंतर ते गावात मान वर करून चालले नाहीत, आणि तसेच गेले.

फारकतीची बैठक दोन्हीकडच्या मोठ्या माणसांसमोर झाली. ताईनं काहीच मागितलं नाही. उठताना दिगंबरराव हसून म्हणाले, "ते गाडी घेऊन जाय. तुले फिराची लय हौस हाय न." सगळे हसले. ताई पुन्हा खाली बसली. "देता का? मंग आत्ताच कागद करून द्या, यायच्यासमोर." चारचौघांत बोललेला शब्द, त्यांना मागं घेता आला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या मामांनी ट्रॅक्टर आणला. ताई मुद्दाम बाजाराच्या रस्त्यानं ट्रॅक्टरमागं बांधलेली गाडी घेऊन निघाली, स्वतः स्टेअरिंगवर बसून, खिडकीतून पिसं उडताहेत... चोर ठरवलेली बाई तोंड लपवून जाईल असं ज्यांना वाटलं होतं, त्यांनी ती मिरवणूक पाहिली. पुढं दिगंबररावांनी दुसरं लग्न केलं. ताई उमरखेडला शाळेत लागली, गाडी हळूहळू चालती केली आणि तिच्यातच मलाही शिकवलं.

गाडीचं बाकी सगळं जमलं, पण वायपर मात्र धड चालेनात. काचेवर अर्ध्यापर्यंत जायचे, थबकायचे, मग आजारी माणूस कूस बदलतो तसे परत यायचे. पावसात ताई खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवायची. गावातल्या मेकॅनिकनं नुसतं बघून सांगितलं, मोटर गेली, या गाडीची आता मिळत नाही, भंगारात द्या. ही गोष्ट ढाणकीपर्यंत पोचली. दिगंबरराव दुकानात बसून गिऱ्हाइकांना म्हणाले म्हणे, "गाडीही जुनी अन् बाईही जुनी. दोघीयचे हात चालत नाहीत." ताईला हे तिच्याच एका विद्यार्थिनीच्या आईनं येऊन सांगितलं. ताईनं तिला चहा दिला, ती गेल्यावर कपबशा विसळल्या, आणि मला म्हणाली, "रविवारी येजो. जुनी साडी नेसून येजो."

त्या रविवारी आम्ही दोघी अंगणात दिवसभर खपलो. आधी नवीन रबरं बसवून पाहिली. काच स्वच्छ झाली, वेग तोच. मग तिनं वायपरचे हात काढायला घेतले तर ते गंजून खालच्या खुंट्यांना असे चिकटलेले की निघेनात. तेल सोडून वाट पाहिली, हलवलं, पुन्हा तेल सोडलं. काचेखालची जाळी काढल्यावर आत पाचोळा, मुंग्या आणि एक वाळलेली पाल निघाली. त्या सगळ्याखाली मोटर, आणि मोटरीपासून दोन्ही वायपरांपर्यंत गेलेले लोखंडी दांडे. ताईनं मोटरीवरून दांडा मोकळा केला आणि मला बटन दाबायला सांगितलं. मोटर सुर्रकन फिरली. ताई तिच्याकडे बघतच राहिली. "हिले काही झालं नाही व. हिले कोनीतरी धरून ठेवलं होतं." दांडे ज्या खुंट्यांवर फिरतात त्या तिनं हातानं फिरवून पाहिल्या, हलेनात. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालेलं, वर गंज. ते आम्ही रॉकेलनं धुतलं, पॉलिश पेपरनं घासलं, नवं ग्रीस भरलं. मोटरीची अर्थिंगची वायर हिरवी पडली होती, तिचं टोकही खरवडून पुन्हा कसलं. घासताना ताई अखंड बोलत होती. झडतीच्या दिवशी बाबांनी कोणतं कपाट आधी उघडलं, आईच्या लुगड्यांची घडी कुणी विस्कटली, जाताना कुणी पाणी मागितलं... तिला एकेक माणूस आठवत होता. हात घासत होते आणि तोंड नावं घेत होतं. शेवटी सगळं जोडून बटन दाबलं, तर वायपर इतक्या जोरात आले की खालच्या पत्र्यावर आपटले. वायपरचे हात चुकीच्या जागी बसवले होते. ते पुन्हा काढून नीट बसवले. बादलीभर पाणी काचेवर ओतलं आणि ते सपासप फिरले. ताई हसली नाही. "आता येऊ दे पानी," एवढंच म्हणाली.

पाणी आलं ते त्याच वर्षीच्या श्रावणात. आम्ही दोघी दुपारी पुसदला निघालो होतो. पाऊस असा की समोरचं झाडही दिसेना, पण आमची काच स्वच्छ होती. एका वळणावर नवीकोरी मोठी गाडी नाल्यात तोंड खुपसून पडलेली आणि रस्त्यात हात हलवणारा माणूस. दिगंबरराव. त्यांनीही आमची गाडी ओळखली, हात क्षणभर खाली आला, मग पुन्हा वर केला. आत त्यांची आई होती, धाप लागून ओठ काळे पडलेले. रुग्णवाहिकेला वेळ लागणार होता. ताईनं काच खाली केली. "आईले मांगं बसवा. शालू, तू त्यायच्याजवळ बस." आम्ही म्हातारीला उचलून आत घेतलं. दिगंबरराव पुढचं दार उघडायला आले तर ताईनं ते आतून बंद केलं.

"निर्मला, माय आहे माझी."

"माईत हाय. म्हनून तिले नेतो. तुमाले नाही नेत."

"अशा पान्यात मी कुठं जाऊ?"

"तुमची गाडी नवी हाय. बसा तिच्यात."

आणि गाडी निघाली. मी मागं वळून पाहिलं, ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. ही ती मोठ्या मनाची गोष्ट, जी त्यांनी शोकसभेत सांगितली. आपण कुठं उभे होतो तेवढं सांगायचं राहिलं.

ताईनं गाडी वेगात पण सांभाळून चालवली. म्हातारीला वेळेत ऑक्सिजन मिळाला. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. मला वाटलं आपण निघू. ताई खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिली. संध्याकाळपर्यंत ढाणकीहून दीर, जावा, चुलते असे सगळे जमले. दिगंबरराव दुधाच्या टेम्पोतून आले, अंगावर ओले कपडे तसेच. खोली भरली तेव्हा ताईनं म्हातारीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आहे की नाही ते पाहिलं. तो काढलेला होता. मग शांतपणे विचारलं, "आई, बांगड्या कुठं हायेत?"

एक जाऊ म्हणाली, "बिमार मानसाले हे काय इचारनं झालं?" ताईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हातारीचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगू. ती थकलेली, घाबरलेली बाई होती आणि ताईनं तिला नेमकं त्याच घडीला गाठलं होतं. म्हातारी म्हणाली, "रत्नाच्या सासरी देल्या मी. माह्याच हातानं देल्या." रत्ना तिची मुलगी.

"अन् यायले माईत होतं?" ताईनं दिगंबररावांकडे बोट केलं.

"आई, तू झोप," ते म्हणाले.

"त्याले माईत होतं," म्हातारी म्हणाली. "त्यानंच सांगतलं, सुनेवर घाल."

ताई उठली. कुणीतरी तिच्यापुढं चहा धरला होता, तो तिनं उभ्यानं पूर्ण प्यायला, कप खिडकीत ठेवला आणि आम्ही बाहेर पडलो. गाडीत मी म्हटलं, "झालं न ताई. सगळ्यायनं ऐकलं. आता सोडून दे." ती म्हणाली, "सोडू? काहून? बाबा ऐकाले होते का तिथं?"

तिनं सोडलं नाही. त्यानंतर ती दर आठवड्याला ढाणकीच्या बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन जायची आणि बरोबर दिगंबररावांच्या दुकानासमोर लावायची. भाजी घ्यायची, ओळखीच्यांशी बोलायची, परत यायची. त्यांना कधी एक शब्द बोलली नाही. ती दिसली की ते गल्ला सोडून मागच्या गोदामात जायचे आणि ती जाईपर्यंत बाहेर यायचे नाहीत. गिऱ्हाइकं खोळंबायची, आणि का खोळंबली ते सगळ्या बाजाराला ठाऊक असायचं. माणसं ताईला समजवायला यायची, रागानं रक्तदाब वाढतो म्हणायची. वाढलाही असेल. तिच्या हृदयानं घाई केली त्यात या रागाचा वाटा असेल, मी नाकारत नाही. पण बाबा अपमान गिळून खाली मान घालून गेले आणि ताई गाडीच्या सीटवर ताठ बसून गेली. या दोन मरणांतलं कोणतं बरं, हे मला कुणी शिकवू नये.

शोकसभेनंतर मी घर आवरायला उमरखेडलाच राहिले. गेल्या आठवड्यात सकाळी फाटक वाजलं. एक बुटकी, पन्नाशीची बाई, डोक्यावरून पदर घेतलेली, एस.टी.नं आलेली. "मी सुनंदा," ती म्हणाली. दिगंबररावांची दुसरी बायको. मी तिला आत या म्हटलं नाही. नवऱ्यानं गाडी मागायला पाठवलं असेल, असंच मला वाटलं. ती गाडीजवळ गेली आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

"मले हे शिकवान का?"

"काय?"

"गाडी. त्यायले इचारलं तं म्हनते, तुले कायले पाह्यजे, मी आहो न." जरा थांबून म्हणाली, "दुकानाच्या वरच आमचं घर हाय. ताई बाजाराच्या दिवशी खाली गाडी लावत, तवा मी खिडकीत उभी राहो. हे आत पळत. मले लय बरं वाटे, बाई. आता दोन बाजार झाले, हे दिवसभर गल्ल्यावर बसून राह्यते."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या घरात तिचं काय झालं असेल ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मी चांगुलपणानं हो म्हटलं असं मात्र कुणी समजू नये. खिडकीतली बाई स्टेअरिंगवर बसून दुकानासमोर थांबेल तेव्हा त्या माणसाचा चेहरा कसा होईल, ते माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि मी किल्ली आणायला आत गेले.

ताई उंच होती. तिची सीट कधीच पुढं सरकवलेली नसल्यामुळं जागच्या जागी धरली होती. सुनंदाचे पाय पोचेनात. आम्ही दोघींनी वाकून सीटखाली तेल सोडलं आणि दोन्ही बाजूंनी धरून ओढलं. बराच वेळ लागला. सीट करकरत पुढं आली तेव्हा सुनंदानं डोक्यावरचा पदर कमरेला खोचला आणि विचारलं, "आधी कोनता पाय?"

मी तिला क्लच दाखवला.