आईचा हात आणि योजनेतला सर्जन

आत्ताच आई आणि मी इंदापूरहून घरी आलोय. आईच्या हाताचं ऑपरेशन सरकारी योजनेतून होणार!

गुऱ्हाळावर आईच्या उजव्या हातावर उकळती काकवी सांडली होती. जखम भरली, पण बोटं आखडली. भाकरी थापता येत नाही. डॉक्टरांनी प्लास्टिक सर्जरी सांगितली. बारामतीत जिथं जिथं विचारलं, तिथं एकच उत्तर मिळालं, "सुंदर दिसायची ऑपरेशनं योजनेत बसत नाहीत."

आज इंदापूरच्या दवाखान्यात योजनेच्या काउंटरवर मी "प्लास्टिक सर्जरी करायचीय" म्हटलं, तर तिथल्या ताईंनी मला न्याहाळलं.

"तुमचा चेहरा तर चांगला आहे की!"

"माझं नाही, आईचं करायचंय."

आई शेजारीच उभी होती, हात नेहमीसारखा पदराखाली. चारचौघांत ती तो बाहेर काढतच नाही.

"मावशी, हात बघू."

"नगं बाई, लई वंगाळ दिसतोय."

"मग सर्जनला काय पदर दाखवणार?"

आई हसली आणि हात बाहेर आला. ताई आम्हाला थेट सर्जनकडे घेऊन गेल्या. सर्जननी एकेक बोट हलवून पाहिलं. "भाजून आखडलेली बोटं योजनेत बसतात, मावशी. नाही कोण म्हणालं?"

योजनेसाठी आमचं रेशनकार्ड चाललं. पुढच्या आठवड्यात दाखल व्हायचंय.

येताना एसटीत आईनं तिकिटासाठी तोच हात पुढं केला. मी बघतच राहिले.

"बघतीस काय? डाक्टरनं बघितला, आता कंडक्टरला कशाला लाजू?"

तुमच्याही घरात कुणी असं दुखणं झाकून बसलंय का? काउंटरवर ऑपरेशनचं नाव सांगत बसू नका. आधी दुखणं दाखवा.