नखाच्या दोन रेघा

आधीच सांगून टाकतो, भूत, आत्मा, लागीर यातलं मी काहीबी मानत न्हाई. माझं शिक्षण चौथी. पण तीस वर्षं काळी-पिवळी जीप चालवली, जवळा बाजार ते औंढा, औंढा ते हिंगोली. लोक सांगायचे, अमक्या वळणावर बाई उभी राहते, तमक्या चिंचेखाली कोणीतरी हात करतं... मला ज्यानं ज्यानं हात केला तो प्यासिंजरच निघाला. जीपमधी मुंगीला जागा नसली तरी मागच्या शिडीला लटकून येणारा. भुतानं कधी हात केला न्हाई.

नांदेडची नात सुट्टीत आली की मोबाईलवर या ग्रुपातले तुमचे असले अनुभव वाचून दाखवते. मी हसतो. या खेपंला तीच म्हणली, "आबा, तुमचा लिंबाचा लिव्हा ना." म्हणून लिहून राहिलो. शुद्ध-अशुद्ध बघू नका.

माझी बायको गयाबाई माघात गेली. आमचं गाव शिरड शहापूर. ड्रायव्हरची बायको, पण तिला गाडी लागायची! औंढ्याच्या पुढची वळणं आली की तोंड पिवळं. सारी जीप हसायची, "भाभी, नवऱ्याच्या गाडीत तरी वकू नका." म्हणून ती निघतानी घरामागच्या झाडाचं लिंबू घ्यायची, अंगठ्याच्या नखानं ओरखडायची अन् नाकाला लावून बसायची.

त्या नखाचं सांगाया पाहिजे. लग्नाला वरीस झालं नव्हतं तवाची गोष्ट. मी घाईत जीपचं दार आपटलं अन् तिचा उजवा अंगठा दारात. नख गळून पडलं. नवं आलं ते मधून चिरलेलं, जन्मभर तसंच राहिलं. ती बायकांला दाखवायची, "लोकाचे नवरे जोडवी घालतेत, आमच्या मालकानं अंगठ्यावर दार घातलं." मी खाली मान घालायचो. तवापासून तिच्या बाजूचं दार लावायच्या आधी मी इचारायचो, "हात?" ती म्हणायची, "काढला." मगच दार. चाळीस वर्षाच्या वर चाललं हे. तापानं फणफणलेली असली तरी "काढला" म्हणल्याबिगर मी दार लावलं न्हाई.

त्या चिरलेल्या नखानं लिंबू ओरखडलं की सालीवर एक रेघ उठत न्हाई, दोन उठत्यात. जवळजवळ, बराबर. ओल्या रानात बैलगाडी गेल्यावर चाकोरी पडते, तशी.

आता कुत्रं. चौदा वर्षांखाली जवळ्याच्या बाजारच्या दिवशी सारे प्यासिंजर उतरले अन् सीटखाली एका टोपल्यात हे पिल्लू. कोणी इसरलं का मुद्दाम ठिवलं, ते अजून कळलं न्हाई. मी सोडून देणार होतो. गया म्हणली, "सगळे उतरले, हा उतरला न्हाई. म्हणजे हा कंडक्टरच की." नाव पडलं कंडक्टर. जीपच्या मागच्या दारात ऐटीत बसायचा, अन् दहा मिनिटांत वकायचा. त्यालाबी गाडी लागायची! मी म्हणायचो, ड्रायव्हरच्या घरात दोन जीव अन् दोन्ही असले. मग ती मागं बसायची, त्याची हनवटी डाव्या मांडीवर घ्यायची, अन् एकच लिंबू आधी त्याच्या नाकाला, मग आपल्या. जीप इकून जुनी व्हॅन घेतली तरी दोघांची जागा तीच राहिली, मागं.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ती म्हणली, "तुमाला लेकरं बघतेल. त्याला कोण बघंल?" मी म्हणलं, "मरणाच्या गोष्टीत कुत्र्याचं काय घेऊन बसली." एवढंच बोललो. ती भिताडाकडं तोंड करून झोपली. ते मला लागून राहिलंय.

ती गेल्यावर पोरगं मागं लागलं, नांदेडला चला. मी म्हणलं, अन् कंडक्टर? पोरगं म्हणलं, "दादा, सोसायटीत कुत्रं चालत न्हाई. अन् हे आता किती दिवसाचं हाय?" खोटं न्हाई बोलला. कंडक्टरच्या डोळ्यात फूल पडलेलं, म्होरचे दात गेलेले, मागचे पाय धरत न्हाईत. मानसुद्धा उचलत नव्हता, पाण्याची वाटी मीच तोंडाला लावायचो. शेवटी ठरलं, साखऱ्याला माझ्या मेव्हण्याचा, गयाच्या भावाचा आखाडा हाय, शेतातलं घर-गोठा, तिथं सोडायचा. मेव्हणा म्हणला, "दाजी, पडून राहील गोठ्याच्या सावलीला. काळजी करू नका." मी हो म्हणलं. सोडून द्यायलाच निघालो होतो, लपवत न्हाई.

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते, सकाळचे दहा असतील. मागच्या सीटवर गयाची वाकळ टाकली, तिच्या जुन्या लुगड्याची. त्यावर कंडक्टरला निजवलं. निघतानी हात आपोआप झाडाकडं गेला अन् एक लिंबू तोडलं. ओरखडलं न्हाई. म्हणलं, हे बायकांचे चाळे. समोर काचेखाली ठिवून दिलं.

शिरड सुटलं अन् त्याची लाळ सुरू झाली. औंढ्याच्या अलीकडंच दोनदा उबळ आली, पोटात काही न्हाई, नुसता फेस. मी म्हणत होतो, "थांब बाबा, थांब, पोचतोच." गाडी हळू घेतली तरी त्याची घरघर चालूच.

औंढा गेलं. चढाची वळणं लागली... अन् मागचा आवाज एकदम बंद.

म्हणलं गेला. आरशात पाहिलं.

कंडक्टरची मान वर होती. नुसती वर न्हाई, हनवटी आडवी, सीटपासून चांगली इतभर उंच. खाली कायबी न्हाई. मांडीवर डोकं टेकवावं तसं त्यानं हवेत टेकवलेलं. डोळे मिटलेले. अन् एक कान हळूहळू मागं जायचा, परत म्होरं यायचा, कोणी कुरवाळल्यावानी.

मग वास आला. लिंबाचा न्हाई म्हणत मी, लिंबू तर निघाल्यापासून समोर होतं. ताज्या ओरखडलेल्या सालीचा, नाकात चढणारा.

तीस वर्षांत मी मागं वळून गाडी चालवली न्हाई. तवाबी वळलो न्हाई. भ्यालो का? भ्यालो न्हाई. वळलो तर मोडंल, असं वाटलं. तोंडातून निघून गेलं, "बरं हाय का मागं?" हेच इचारायचो मी तिला त्या वळणांवर. कंडक्टरचं शेपूट सीटवर आपटलं, दोनदा. कयाधूच्या पुलापर्यंत मी तसाच आलो, एक डोळा रस्त्यावर, एक आरशात. इतकी हळू गाडी मी नवरदेवाचीबी चालवली न्हाई. डोकं काही खाली आलं न्हाई.

पुलाच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली. उतरून मागचं दार सरकवलं. कंडक्टरचं डोकं वाकळीवर टेकलेलं, गाढ झोपलेला, तोंड कोरडं. नाकापाशी लिंबू.

समोर काचेखाली पाहिलं. मोकळं.

आता म्हणाल, चढावर घरंगळलं असंल. असंल. मीबी तेच म्हणलं. मग उचलून पाहिलं. सालीवर ओरखडे होते, पाच-सहा, ओले. सारे जोडीनं. दोन-दोन रेघा, जवळजवळ, बराबर. म्होरचे दात नसलेलं कुत्रं असे ओरखडे काढतं का, ते तुमी सांगा.

मी पुलाच्या कठड्यावर बसलो. एक मोटरसायकलवाला थांबला. "काका, गाडी बंद पडली का?"

"न्हाई."

"मग रडून काहून राहिले?"

"लिंबू डोळ्यात गेलं."

त्यानं हातातलं लिंबू पाहिलं, माझ्याकडं पाहिलं अन् बाटलीतलं पाणी देऊन निघून गेला. भला माणूस.

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन. "दाजी, कुठवर आलात? भाकरी टाकायला लावू का?"

"मी येऊन न्हाई राहिलो."

"काहून?"

"तुझी बहीण मागं बसली." माझ्या तोंडून हेच निघालं.

तो म्हणला, "दाजी, ऊन लागलंय तुमाला. सावलीला बसा, मी येतो घ्यायला."

म्हणलं, "येऊ नको. कंडक्टरला घरी घेऊन चाललो." दार लावायला गेलो अन् सवयीनं इचारलं, "हात?" मग दारावर हात ठिवून उभा राहिलो. मागं ट्रका जात होत्या. कोणी "काढला" म्हणलं न्हाई. तरी बराच येळ थांबलो.

परतीला वास आला न्हाई, मानबी वर झाली न्हाई. पण कंडक्टर वकला न्हाई, घरापर्यंत झोपून आला.

नांदेडला मी गेलो न्हाई. पोरगं पंधरा दिवस बोललं न्हाई, मग आपणच आलं, कंडक्टरसाठी गादी घेऊन. लिंबू कोनाड्यात ठिवलंय, वाळून सुपारीएवढं झालं. रेघा अजून दिसतेत. एका मास्तराला दाखवलं, तो म्हणला सालीला तशा सुरकुत्या पडतात. दुसरा म्हणला, आबा, तुमीच ओरखडलं असंल, याद न्हाई तुमाला. माझं नख पाहा म्हणलं. अखंड हाय. काय झालं ते मला कळलं न्हाई, अन् मी समजल्याचं सोंग घेणार न्हाई. भूत मी आजबी मानत न्हाई. ते भूत नव्हतंच.

कंडक्टर हाय अजून. हे लिहितानी पायापाशी घोरून राहिला. आठवड्याला औंढ्याला डॉक्टरकडं नेतो त्याला. लिंबू मीच ओरखडतो आता, एकाच रेघेचं. चालवून घेतो बिचारा. अन् मागचं दार सरकवायच्या आधी इचारतो, "हात?"

दोन घडी थांबतो. मग हळूच लावतो.